अम्मीचा फोटो, आलम आरा आणि मुकाबला

अम्मीचा कागदावर छापलेला फोटो आमच्या घरात एकच आहे. हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. त्याआधी तिनं कधी फोटो काढू दिला नव्हता. कुणी कॅमेरा काढला की "तस्वीर का क्या करना" म्हणत ती पदर पुढे ओढायची. स्टुडिओवाल्यानं चार प्रती दिल्या. तीन फॉर्मवर गेल्या, चौथी अब्बांनी बँकेच्या पासबुकात ठेवली. आज ती पिवळट झाली आहे, पण चेहरा स्वच्छ दिसतो.

नातवंडांच्या हातात मोबाइल आले तेव्हा तिचा विरोध मावळला. शेवटच्या चार वर्षांत तिचे शेकडो फोटो निघाले. ईदला शीरखुर्मा ढवळताना, माझ्या मुलीला अलिफ-बे गिरवायला शिकवताना, काहीच न करता ओसरीवर बसलेली. मोबाइल भरला की मी ते सगळे एका हार्डडिस्कवर टाकायचो आणि मोबाइल रिकामा करायचो. मला वाटायचं, आपण फार शिस्तीचे. अम्मी गेल्यानंतरच्या पावसाळ्यात ती डिस्क टेबलावरून पडली. दुरुस्तीवाल्यानं ती कानाला लावली, आतली टकटक ऐकली आणि मान हलवली. एका फटक्यात चार वर्षं गेली, आणि पासबुकातला तो एक फोटो राहिला.

मी भाषेचा शिक्षक. यंत्रातलं मला फारसं कळत नाही. पण चित्रं कशी टिकली आणि कशी गेली, याचा इतिहास मी त्या दिवसापासून वाचू लागलो.

आम्ही मराठवाड्याचे, म्हणून सुरुवात निजामाच्या राज्यापासूनच झाली. सहाव्या निजामांचे, मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ. निजामांनी त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. वेरूळचे, दौलताबादचे त्यांचे फोटो आजही पुस्तकांत दिसतात. 1892 साली त्यांनी हैदराबादेत खास परद्यातल्या स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. काम बघायला एक इंग्रज बाई होत्या आणि परक्या नजरेपासून आडोशाची पूर्ण व्यवस्था होती. हे वाचून मला अम्मीचा पदर आठवला. तिच्या पणजीच्या पिढीतल्या काही बायका, मोठ्या घरांतल्या का होईना, कॅमेऱ्यापुढे बसल्या होत्या तर!

दीनदयाळांचं काम काचेच्या पट्ट्यांवर होतं. काच जड, पडली की फुटणारी. तरीही 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं त्यांच्या 2,857 काचा घेतल्या. दीनदयाळ 1905 साली वारले, म्हणजे त्या काचा मालकाच्या माघारी ऐंशीहून अधिक वर्षं टिकल्या. त्या बघायला यंत्र लागत नाही. उजेडासमोर धरली की माणूस दिसतो, उलट्या रंगात का होईना.

याउलट 'आलम आरा'. आपला पहिला बोलपट. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले. अर्देशिर इराणी दिग्दर्शक, संवाद आपल्या उर्दू-हिंदुस्तानीत, आणि फकिराच्या भूमिकेत गाणारे वझीर मोहम्मद खान. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. 2003 च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, तीत तो जळाला असं पुष्कळ जण सांगतात. मीही वर्गात सांगितलं होतं. ते चूक आहे; तो त्याआधीच हरवलेला होता. जुन्या रिळांना तेव्हा सिनेमा म्हणून किंमत नव्हती. त्यांच्यातली चांदी मात्र काढून विकता येई, आणि लोक विकत. दीनदयाळांच्या काचेवरही चांदीच होती. एकीकडे ती कुणीतरी जपली, दुसरीकडे गाळली.

शिक्षक म्हणून मला सगळ्यात जास्त लागली ती इंग्लंडमधली गोष्ट. 1086 साली तिथल्या राजानं सगळ्या मुलखाची नोंदवही करवली, डूम्सडे बुक. तिला नऊशे वर्षं झाली म्हणून 1986 मध्ये बीबीसीनं नवी नोंदवही केली. हजारो शाळांतल्या मुलांनी आपापल्या गावाचे फोटो आणि माहिती पाठवली. ते सगळं लेझर डिस्कवर भरलं. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मिळ झाली, आणि तज्ज्ञांना खटपट करून मजकूर बाहेर काढावा लागला. चामड्यावर लिहिलेली मूळ वही मात्र आजही वाचता येते.

म्हणून 'कुठली वस्तू घेऊ, जी कायम टिकेल?' हा प्रश्नच मी सोडून दिला. लग्नाच्या सीडीवर रंगद्रव्याचा थर असतो, तो उजेडानं आणि दमटपणानं बिघडतो. पेनड्राइव्हमध्ये विजेचा भार साठवलेला असतो, तो वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर झिरपतो. हार्डडिस्कचं मी भोगलंच आहे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतली डिस्क. पासवर्ड विसरला किंवा खातं बंद पडलं की तीही गेली. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं एक नियम रूढ केला आहे: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर.

नियम चांगला आहे, पण त्यात आपल्या कातिबांचं एक काम राहून जातं. मराठीत मुकाबला म्हणजे झुंज. जुन्या अरबी-फारसी हस्तलिखितांच्या जगात मुकाबला म्हणजे नक्कल अस्सलशी ताडून पाहणं. कातिबानं पोथी उतरवली की काम संपत नसे. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवत जायचं, चूक समासात दुरुस्त करायची. जिथवर ताडून झालं तिथं 'बलग' असं लिहायचं, म्हणजे इथवर पोचलो. संगणकवाले हेच काम चेकसमनं करतात. फाइलमधल्या आकड्यांवरून एक छोटी खूण काढतात. फाइलमध्ये कण जरी बदलला तरी खूण बदलते. न ताडलेल्या तीन प्रती म्हणजे कदाचित तीन नासक्या प्रती.

अम्मीचे जे फोटो नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर गेले होते तेवढे मी मागून घेतले. साठेक मिळाले. पाठवताना व्हॉट्सअॅप फोटो लहान करतं, म्हणून थोडे धुरकट आहेत. साध्या जेपीईजीतच ठेवले. 1992 पासून चालत आलेली ही पद्धत सगळीकडे उघडते. एक डिस्क माझ्याकडे, एक सोलापूरला भावाकडे, एक प्रत क्लाउडवर, आणि त्याचा पासवर्ड पासबुकातल्या कागदावर. दहा फोटो छापूनही घेतले, मागे पेन्सिलीनं नाव आणि साल लिहिलं.

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मुलगी आणि मी मुकाबला करतो. चेकसम तिनं शिकून घेतलं आहे. मी आपला एकेक फोटो उघडून बघतो. गेल्या सुट्टीत ओसरीवरचा फोटो माझ्या डिस्कवर खालून अर्धा करडा निघाला. सोलापूरला फोन केला. भावाच्या प्रतीत तो पूर्ण होता. मुलीनं तो परत आणून बसवला आणि वहीत तारीख घालून लिहिलं, बलग.