आनंदीबाईंचा पहिला हिवाळा

आनंदीबाई जोशी म्हटले की आम्हां मास्तरांना आठवते ती १८८६ सालची पदवी. मला मात्र कुतूहल वाटते ते फिलाडेल्फियातल्या पहिल्या हिवाळ्याचे.

१८८३ चा ऑक्टोबर. बाईंचे वय अवघे अठरा. स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात नाव तर दाखल झाले. पण कल्याणची ही लेक तिथे राहणार कशी? खोलीतली शेकोटी पेटवली की धूर कोंडे, विझवली की हाडे गोठत. मांसाहार वर्ज्य, तेव्हा पोटाचेही हालच! त्यात नऊवारी लुगडे. पोटऱ्या उघड्या टाकून बर्फाच्या मुलखात हिंडायचे तरी कसे?

बाईंनी तोड काढली. गुजराती पद्धतीने पातळ नेसू लागल्या. पाय झाकले, आणि परदेशी झगाही अंगाला लागला नाही. ही अक्कल मला शरीरशास्त्राच्या परीक्षेहून तसूभरही कमी वाटत नाही. गोपाळरावांना मात्र हा बदल रुचला नाही. शिकायला धाडणारे तेच, आणि पदरावरून पत्रांतून बोल लावणारेही तेच! दिवसा व्याख्याने, रात्री धुरात अभ्यास, वर नवऱ्याची समजूत घालणारी पत्रे.

११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात क्षयाने गेल्या. बाविसावे वर्षही पुरते सरले नव्हते.