निष्कर्ष कोणी काढायचा?

सातवीत प्रयोगवहीत आम्ही निष्कर्ष आधी लिहायचो आणि निरीक्षणं मागाहून जुळवायचो. गुण पैकीच्या पैकी मिळत.

त्याच काळात मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात वेगळंच घडत होतं. ‘किशोर भारती’ आणि ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी १९७२ साली सहावी ते आठवीच्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. १९७८पासून तो जिल्हाभर पोचला. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रयोग होते, तयार उत्तरं नव्हती. मुलं गटागटानं प्रयोग करत. आकडे जुळले नाहीत की वर्गात चर्चा, पुन्हा मोजणी. परीक्षेलाही पुस्तक उघडं, शिवाय प्रात्यक्षिक.

निर्णयशैलीचे तर्कनिष्ठ, अंतःप्रेरित आणि परावलंबी असे तीन प्रकार हॅरन या मानसशास्त्रज्ञानं १९७९मध्ये मांडले. त्यात मी अर्थातच परावलंबी! पण ती शैली माझी होती, की आमच्या प्रश्नपत्रिकेची? शैली आणि गुण यांचा संबंध शोधताना परीक्षा कसली होती, हे आधी विचारायला हवं, असं मला वाटतं. पाठांतराच्या परीक्षेत परावलंबी मूलही हुशारच ठरतं.

होशंगाबादचा कार्यक्रम राज्य सरकारनं २००२ साली बंद केला.