गाण्याचे गुणपत्रक

गेल्या दिवाळीतली गोष्ट. अभ्यंगस्नाने झाली होती, फराळाची ताटे समोर आली होती आणि आता कुणीतरी एखादे गाणे लावावे अशी घरात वेळ आली होती. मी पुतण्याला म्हटले, "यंदा तुमच्यातले काहीतरी नवे लाव. आमचे नेहमीचे आम्ही रोजच ऐकतो." त्याने फोन चाळला, एका नव्या रॉक ध्वनिमुद्रिकेपाशी तो क्षणभर थबकला आणि म्हणाला, "नको काका, हिला ५.४ मिळालेत."

"तू ऐकली आहेस का?"

"नाही. पण दहात ५.४ म्हणजे ऐकायचे तरी काय?"

मी गप्प बसलो. मला गणितात दहापैकी ५.४ मिळाले असते तर आमच्या वडिलांनी आळीत पेढे वाटले असते! पण तो प्रश्न काही मनातून जाईना. गाण्याला गुण देण्याची ही रीत पाडली कोणी, आणि कशासाठी? या संगीतातला मी जाणकार नव्हे. माझा कान नाट्यगीतांवर पोसलेला. परंतु एखाद्या गोष्टीचे मूळ शोधीत मागे मागे जाण्याची खोड मला जुनी आहे. त्या शोधात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

इंग्लंडात संगीताची साप्ताहिके फार पूर्वीपासून होती. 'मेलडी मेकर' १९२६ सालचे, 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' १९५२ सालचे. पण त्यांतून बातम्या, मुलाखती आणि खपाच्या याद्या यांचाच भरणा असे. रॉक ही पोरासोरांची करमणूक. तिच्यावर गंभीरपणे लिहायचे ते काय, अशी शहाण्यासुरत्यांची समजूत होती. ती समजूत मोडली एका सतरा वर्षांच्या मुलाने. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात शिकणाऱ्या पॉल विल्यम्सने फेब्रुवारी १९६६ मध्ये 'क्रॉडॅडी' नावाचे काही पानांचे चक्रमुद्रित पत्रक काढले. त्याचे म्हणणे साधे होते: आम्ही ही गाणी जीव लावून ऐकतो, तर त्यांच्यावर जीव लावून लिहू नये काय? पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत जान वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी 'रोलिंग स्टोन' सुरू केले. पहिला एकवीस वर्षांचा तरुण, दुसरा जॅझवर लिहून केस पिकलेला टीकाकार. रॉकवरच्या टीकेचा संसार असा थाटला गेला.

संसार म्हटला की भांडण आलेच. १९६७ च्या जूनमध्ये बीटल्सची 'सार्जंट पेपर' ही ध्वनिमुद्रिका आली आणि जो तो तिचे गोडवे गाऊ लागला. अशा वेळी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रिचर्ड गोल्डस्टाइन या विशीतल्या परीक्षकाने लिहिले की, ही तबकडी नुसत्या चमत्कृतींनी नटली आहे. तिच्यात पूर्वीचा जिवंतपणा नाही. वाचकांच्या संतापलेल्या पत्रांचा वर्तमानपत्रावर पाऊस पडला. आज त्या परीक्षणाची थट्टा होते. पण मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एवढ्या कडक परीक्षणातही गोल्डस्टाइनने शेवटचे गाणे बाजूला काढून त्याची मनापासून वाखाणणी केली होती. याचा अर्थ गृहस्थाने तबकडी शेवटपर्यंत ऐकली होती. निकाल चुकला असेल. ऐकणे चुकले नव्हते.

पुढची दोन उदाहरणे याहून बोलकी आहेत. १९६९ च्या प्रारंभी लेड झेपेलिनची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. 'रोलिंग स्टोन'मध्ये जॉन मेंडेलसन याने तिला झोडपून काढले. जेफ बेकच्या चमूने जे आधी केले त्याचीच ही नक्कल, आणि जिमी पेज चांगला वादक असला तरी त्याची गीतरचना लंगडी, असा त्याचा ठपका. तबकडी लाखांनी खपली आणि त्या कलावंतांनी त्या नियतकालिकावर पुढे कितीतरी वर्षे राग धरला. नंतर १९७० साली बर्मिंगहॅमच्या कारखानी वस्तीतून आलेल्या चार पोरांची 'ब्लॅक सॅबथ' आली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली होती. कृत्रिम टोपणे बसवून तो वाजवी. तिच्यावरही त्याच नियतकालिकाने लेस्टर बँग्ज याच्या हातून आसूड ओढला. परंतु २००३ मध्ये त्याच 'रोलिंग स्टोन'ने पाचशे सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांची यादी केली तेव्हा या दोन्ही तिच्यात मानाने बसल्या होत्या! बँग्जबद्दल एक सांगितले पाहिजे. अवघ्या दोन वर्षांत त्याने स्वतःच सॅबथबद्दल आस्थेने, लांबलचक लिहिले. मत बदलल्याची त्याला लाज वाटली नाही. हा विलक्षण लेखक १९८२ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारला.

आता गुणांकडे वळू. १९६९ साली न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकात रॉबर्ट क्रिस्टगाऊ याने 'ग्राहक मार्गदर्शिका' अशा अर्थाच्या नावाचे सदर सुरू केले. अग्निशामक दलातल्या एका माणसाचा हा मुलगा. दर महिन्याला तबकड्यांचा ढीग येऊन पडे. प्रत्येकीवर लेख कोण लिहिणार? म्हणून चार-सहा ओळींचा आटोपशीर अभिप्राय आणि शाळेतल्यासारखे एक अक्षर: उत्तमाला 'ए', त्याखाली 'बी', असे उतरत्या क्रमाने. तरुण मंडळी त्या काळी बाजारपेठेच्या नावाने बोटे मोडीत. त्यांना खिजवण्यासाठी 'ग्राहक' हा शब्द मुद्दाम योजलेला. पण त्यामागे शहाणपणही होते. तबकडी घ्यायची म्हणजे पदरचे पैसे मोजायचे. घरी नेऊन वाजवल्याखेरीज ती कशी आहे हे कळायचे नाही. भाजीवालीने कलिंगडाला टिचकी मारून दाखवावी, तसे हे अक्षर होते. मात्र त्या अक्षरापाशी त्या चार-सहा ओळी असत, आणि मौज सारी त्या ओळींत असे.

परीक्षकांनी तोंड भरून स्तुती केली म्हणजे काम भागते काय? तेही नाही. १९७२ साली मेम्फिस शहरातल्या बिग स्टार नावाच्या चमूची पहिली ध्वनिमुद्रिका आली. तिचे नाव 'नंबर वन रेकॉर्ड'. परीक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. पण ती दुकानांपर्यंत पोहोचवण्याची ज्यांची जबाबदारी, त्यांच्या कारभारात असा घोळ झाला की वाचकांनी परीक्षण वाचून दुकान गाठावे तो तबकडीच नाही! विक्री दहा हजारांच्याही आत राहिली. १९७३ च्या मे महिन्यात रॉकवर लिहिणाऱ्यांचे एक संमेलनच मेम्फिसला भरवण्यात आले. तिथे बिग स्टारने गाऊन टीकाकारांना अक्षरशः नाचवले. पण नाचून घरी गेलेल्या टीकाकारांच्या शब्दांनी दुकानातली फळी काही भरली नाही. चमूचा एक आधारस्तंभ ख्रिस बेल त्याआधीच निराश होऊन बाहेर पडला होता. डिसेंबर १९७८ मध्ये मोटार अपघातात तो गेला, तेव्हा त्याचे वय सत्तावीस होते. पुढे १९८० नंतरच्या तरुण गायकांनी त्या जुन्या तबकड्या धुंडाळून काढल्या आणि आमचे गुरू हेच, असे सांगितले. त्यांना वाट सापडली ती बरीचशी त्या जुन्या परीक्षणांवरूनच. ख्रिस बेलला मात्र ते दिवस दिसले नाहीत.

बड्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच तबकडी काढणाऱ्यांना तर परीक्षकाचा आधार फारच. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्सने आप्तेष्टांकडून पाचशे पौंड उसने घेऊन चार गाण्यांची 'स्पायरल स्क्रॅच' स्वतः काढली. पहिल्या छपाईत हजार प्रती. आपल्याकडे नवकवीने पहिला संग्रह पदरमोड करून छापावा, तसलाच हा प्रकार. जाहिरातीला पैसा कुठला? कुणीतरी ऐकावे आणि दोन शब्द लिहावेत, एवढीच आशा.

याच आशेवर पुढे पिचफोर्क उभे राहिले. अमेरिकेतल्या मिनियापोलिसकडच्या रायन श्रायबर या मुलाने १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यावर आंतरजालावर हे नियतकालिक सुरू केले आणि गुण चक्क दशांशात द्यायला प्रारंभ केला. माझ्या पुतण्याचे ५.४ याच घराण्यातले! या दशांशाची ताकद २००४ साली दिसली. कॅनडातल्या आर्केड फायरच्या 'फ्युनरल'ला ९.७ मिळाले आणि छोट्या प्रकाशकाला मागणी पुरवता पुरवता नाकी नऊ आले. त्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसनच्या 'ट्रॅव्हिस्टान'ला ०.० मिळाले. पूज्य! त्याचा एकट्याने गाण्याचा मांडलेला डाव तिथेच विस्कटला. २००३ मध्ये लिझ फेअर या गायिकेच्या ध्वनिमुद्रिकेलाही असेच पूज्य मिळाले होते. तो गुण देणाऱ्या परीक्षकाने २०१९ मध्ये तिची जाहीर माफी मागितली आणि २०२१ मध्ये पिचफोर्कने पूज्याचे ६.० केले. अठरा वर्षांनी उत्तरपत्रिका पुन्हा तपासून मिळाली म्हणायची! पुढे जानेवारी २०२४ मध्ये खुद्द पिचफोर्कच दुसऱ्या एका नियतकालिकाच्या पंखाखाली ढकलले गेले आणि तिथल्या अनेक लिहित्या मंडळींच्या नोकऱ्या गेल्या. गुण देणाऱ्यांचीही परीक्षा होतेच.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, पण आपला संबंध नाही असे नाही. ज्या लेड झेपेलिनला मेंडेलसनने झोडपले, त्यातले पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते आणि त्यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन आपली गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करून पाहिली होती. आपल्या देशातल्या रॉकवर नेमाने लिहिण्यासाठी अमित सैगल यांनी १९९३ मध्ये अलाहाबादेहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढले. अलाहाबाद म्हटले की आपल्याला त्रिवेणी आठवते. तिथून गिटारवाल्यांचे नियतकालिक निघावे याचे मला मोठे अप्रूप वाटते. कॉलेजातल्या पोरांनी मिळेल त्या जागी तालीम करून बसवलेल्या गाण्याची कुठेतरी छापील नोंद होते, हे त्या पोरांना केवढे वाटले असेल!

या सगळ्या इतिहासातून मी काय घेतले? परीक्षकाच्या निंदेने सॅबथ मेली नाही, स्तुतीने बिग स्टार तरली नाही. म्हणून परीक्षक निरुपयोगी, असे मात्र मी म्हणणार नाही. तो न्यायाधीश नव्हे, पहिला साक्षीदार आहे. गर्दीत कुणाचे लक्ष नसताना त्याने ऐकले आणि काय ऐकले ते लिहून ठेवले. साक्षीदाराची साक्ष पुरी ऐकावी, उलटतपासणी घ्यावी, क्वचित खोटीही ठरवावी. पण ५.४ या आकड्याला उलट प्रश्न कसा विचारणार? शिवाय आता तबकडी ऐकायला वेगळे पैसेही मोजावे लागत नाहीत. ज्या अडचणीपायी हे गुण जन्मले ती अडचण सरली. सवय तेवढी उरली.

हे मी पुतण्याला सांगितले, अर्थात इतके लांबण न लावता. म्हटले, "आधी ऐकू, मग त्याने गुण का कापले ते वाच." त्याने तबकडी लावली. पहिली दोन गाणी मला नुसता कल्लोळ वाटली. तिसऱ्याला त्याची मान डोलू लागली. चौथ्यावर आमचे भांडण जुंपले: तो म्हणे गाणारा मुद्दाम असा तुटक गातो, मी म्हणे त्याला दम पुरत नाही. वहिनी दोनदा येऊन "चहा गार होतोय" म्हणून गेल्या. शेवटी त्याने ते परीक्षण उघडले, तर परीक्षकाची तक्रार भलत्याच गाण्याबद्दल होती. "काका, ह्याने चौथे गाणे नीट ऐकलेच नाही!" पुतण्या चिडून म्हणाला.

मी चकलीचा तुकडा मोडला आणि म्हटले, "मग तू लिही."