स्वनिर्मित मोटारगाडीच्या सांगाड्याचे वितळजोडकाम

स्वनिर्मित मोटारगाडीच्या सांगाड्याचे वितळजोडकाम म्हणजे घरी किंवा लहान कार्यशाळेत बांधल्या जाणाऱ्या गाडीच्या सांगाड्याचे, म्हणजेच चॅसिसचे, पोलादी भाग वितळवून एकसंध जोडणे होय. व्यवहारात या क्रियेस वेल्डिंग म्हणतात. इंजिन, चाके, सुकाणू यंत्रणा व प्रवासी यांचा भार सांगाड्यावर असतो. त्यामुळे पद्धतीची निवड नळीची जाडी, पोलादाचा प्रकार, कारागिराचा सराव आणि सांधा तपासण्याची सोय यांवर ठरते.

पार्श्वभूमी

लहान कार्यशाळेत बांधता येईल अशा नळ्यांच्या सांगाड्याचा आदर्श म्हणून १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हन या ब्रिटिश गाडीचा उल्लेख होतो. रॉन चॅम्पियन यांनी १९९६ मधील पुस्तकात त्याच धर्तीची गाडी २५ मिमी चौरस व सुमारे १.६ मिमी जाडीच्या साध्या पोलादी नळ्यांतून बांधण्याची रीत सांगितली.

महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातील भागांपासून छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची दखल घेतली आणि नंतर तिच्या बदल्यात कारागिराला बोलेरो गाडी देण्यात आली. अभियांत्रिकीचे विद्यार्थी 'बाहा' स्पर्धेसाठी असे सांगाडे स्वतः बांधतात. भारतात ही स्पर्धा २००७ पासून होते.

प्रमुख पद्धती

आर्क वेल्डिंग : गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत रूढ असलेली ही पद्धत स्वस्त आहे. लेपयुक्त रॉड स्वतः वितळून सांधा भरतो व लेपाच्या धुरामुळे वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण होते. ३ मिमी व त्याहून जाड भागांसाठी ती योग्य ठरते. २ मिमीहून पातळ नळीस मात्र भोक पडण्याचा धोका असतो.

मिग वेल्डिंग : यात तार यंत्रातून सतत पुढे येते आणि कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉनमिश्रित वायू सांध्यावर आवरण धरतो. १.६ मिमी नळीसाठी साधारणतः ०.८ मिमी तार वापरतात. पद्धत शिकण्यास सोपी व वेगवान आहे. मात्र उष्णता कमी पडल्यास तारेचा धातू नळीत न मुरता नुसता वर बसतो. असा सांधा दिसण्यात चांगला, पण ताकदीने कच्चा असतो.

टिग वेल्डिंग : न वितळणारा टंगस्टनचा विद्युत्‌अग्र, आर्गॉन वायू आणि हाताने पुरवलेली भरणतार यांनी हे काम होते. उष्णतेवर नेमके नियंत्रण राहत असल्याने पातळ नळ्या व क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद यांसाठी ती श्रेष्ठ मानतात. वेळ अधिक लागतो व नळ्यांची टोके स्वच्छ आणि तंतोतंत जुळलेली असावी लागतात.

वायुज्योत व पितळी झाळकाम : ऑक्सिजन-ॲसिटिलीन ज्योतीने पूर्वी विमानांचे नळीसांगाडे जोडत. लोटस सेव्हनच्या सांगाड्यात नळ्या न वितळवता कांस्यधातूने झाळल्या जात. ज्योतीमुळे मोठा भाग तापतो आणि नळ्या वाकण्याची शक्यता वाढते.

जुळणी

गोल नळी दुसऱ्या नळीवर बसवताना तिच्या टोकास माशाच्या उघड्या तोंडासारखी खाच घेतात. फट जितकी मोठी, तितका सांधा कमजोर. सर्व नळ्या सपाट साच्यावर धरून आधी टाके मारतात. मग आलटून पालटून विरुद्ध बाजूंचे सांधे पूर्ण करतात, म्हणजे सांगाडा पिळत नाही. क्रोमियम-मॉलिब्डेनमचा गरम सांधा पाण्याने थंड केल्यास ठिसूळ होतो. तो स्थिर हवेत निवू द्यावा लागतो. शोभेसाठी सांधा घासून सपाट केल्यास भरलेला धातूच कमी होतो. जस्तलेपित नळीचे जस्त आधी काढावे लागते, कारण त्याच्या धुराने ताप येतो.

चाचणी

सांध्याच्या बाह्यरूपावरून त्याची ताकद कळत नाही. म्हणून बाहा स्पर्धेच्या नियमांत कारागिराने सांगाड्याच्याच नळीतून दोन नमुने करावयाचे असतात. पहिला तोडून पाहतात. तो सांध्यात न तुटता नळीत तुटला पाहिजे. दुसरा उभा कापून धातू किती खोल व एकसारखा मुरला आहे ते तपासतात. घरगुती बांधणीतही हीच कसोटी अल्प खर्चात लावता येते. नमुना नापास झाल्यास महागड्या पद्धतीच्या नावाने सांधा सुरक्षित ठरत नाही. आणि ओळखीच्या पद्धतीने केलेला नमुना वारंवार उत्तीर्ण होत असेल, तर साध्या पोलादासाठी तीच पद्धत निवडणे हिताचे ठरते.

कोकणातील हवामान

मंडणगडसारख्या दमट व अतिपावसाच्या तालुक्यात रॉडचा लेप ओलावा शोषतो. त्यातून सांध्यात हायड्रोजन शिरून सूक्ष्म भेगा पडू शकतात. यासाठी रॉड बंद डब्यात ठेवतात, आणि ई ७०१८ जातीचे रॉड भट्टीत तापवून वापरतात. मिग व टिग यांचे वायू-आवरण वाऱ्याने उडते. त्यामुळे ही कामे उघड्या पडवीत न करता आडोशाला करावी लागतात. नळीची तोंडे बंद न केल्यास ती आतून गंजते आणि हा गंज बाहेरून दिसत नाही.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीविना वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ नुसार उत्पादकास वाहनाचा आदिनमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय ही अशांपैकी एक संस्था आहे. त्यामुळे चांगला सांधा असलेली स्वनिर्मित गाडीही केवळ त्या बळावर रस्त्यावर आणता येत नाही. अशा गाड्यांचा वापर मुख्यतः खासगी आवार, स्पर्धा व शिक्षण यांपुरता मर्यादित राहतो.