मानलेली नाती

पोखर्णी हे नृसिंहाचं गाव. इथं सख्ख्या नात्याइतकंच मानलेलं नातं चालतं. म्हाताऱ्या मुसलमानाला सगळी आळी ‘चाचा’ म्हणते, शेजारच्या आजीला आमची पोरं ‘माय’ म्हणतात. एवढं सांगून वक्ते बहुधा खाली बसतात. टाळ्याही पडतात. पण आमच्या मराठवाड्यात या हाकांची कसोटी लागली ती १९४८ साली.

आधी रझाकारांचा जुलूम झाला. मग १३ ते १७ सप्टेंबरची पोलीस कारवाई झाली, हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि त्यामागून सूडाचे दिवस आले. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठवलं. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा आहे. सर्वांत होरपळलेल्या चार जिल्ह्यांत आमच्या शेजारचं नांदेड होतं. हा अहवाल लोकांसमोर यायला २०१३ साल उजाडलं.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. मुसलमान शेजाऱ्यांना वाचवताना काही हिंदूंनी जीव गमावला. विणकरांत हे विशेष दिसलं. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या आड उभे राहिले. सूत तेच, माग तोच, पोटाची काळजी तीच. नुसत्या ईद-दिवाळीच्या फराळावर एवढं बळ आलं असतं, असं मला वाटत नाही.

पळवून नेलेल्या बायकांना शोधून आणायलाही हिंदूंनी मदत केली. परतल्यावर त्यांना घरच्यांनी कोणत्या नात्यानं हाक मारली, हे मी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारत असतो. ते आधी दाराकडे बघतात, मग बोलतात.