बेगम बाजार ते मियापूर : वाढत्या वस्तीचा हिशोब

गणपती आठ-दहा दिवसांवर आले की शहराच्या चारी टोकांची मराठी मंडळी एकदा तरी बेगम बाजारात भेटतात. धूलपेठेत मूर्ती ठरवायची आणि तिथून इकडे येऊन समई, ताम्हण, कापूर, खोबरे घ्यायचे, हा जुना क्रम आहे. मियापूर, कुकटपल्लीकडची मंडळी हल्ली मेट्रोने येतात, उस्मानिया मेडिकल कॉलेजला उतरतात आणि गल्लीत शिरताच म्हणतात, "बापरे, काय हे जुने शहर!" त्यांना दरवर्षी सांगावेसे वाटते की मुळात बेगम बाजार शहरात नव्हताच. तटाबाहेरची, नदीपलीकडची, झपाट्याने वाढणारी ती वस्ती होती. आजच्या मियापूरला जे स्थान आहे, ते एके काळी बेगम बाजारला होते.

मूळ हैदराबाद मुसीच्या दक्षिणेला. नदी ओलांडायला १५७८ साली बांधलेला पुरानापूल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात निजाम अली खान, म्हणजे दुसरे आसफजाह, यांनी राजधानी औरंगाबादहून हैदराबादला आणली आणि शहराची वाढ सुरू झाली. त्यांच्या बेगमेने नदीच्या उत्तरेची जमीन व्यापाऱ्यांना दिली, म्हणून 'बेगम बाजार', अशी परंपरा आहे.

या वस्तीत आले कोण? दरबाराला कर्ज देणारे गोसावी सावकार आले, त्यांनी मठ बांधले. मारवाडी आले, अगरवाल आले, गुजराती आले. रोहिले आणि पठाणही या भागात होते. १७ जुलै १८५७ रोजी कोठीच्या रेसिडेन्सीवर चालून गेलेला तुर्रेबाज खान याच बेगम बाजारचा. म्हणजे पोटासाठी बाहेरून आलेल्या माणसांची ही वस्ती होती. ज्याने त्याने आपल्या बोलीचा, आपल्या देवाचा एक कोपरा धरला आणि बाजारात सगळे दखनी बोलू लागले.

मराठी माणूस या शहरात दोन वाटांनी आला. पहिली वाट दफ्तराची. निजामाच्या राज्यात महसुलाची दोन मोठी दफ्तरे होती. त्यांतले मराठी मुलखाचे दफ्तर रायरायान या मराठी घराण्याकडे होते, आणि त्याच्याबरोबर कारकून, हिशोबनीस, भिक्षुक अशी माणसे शहरात आली. दुसरी वाट कष्टाची. शिंपी, भावसार, आणि तेलुगू शेजारी ज्यांना 'आरे' म्हणतात ते समाज पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडची रेल्वे सुरू झाली आणि जालना, परभणी, नांदेडचा माणूस थेट काचीगुड्याला उतरू लागला. कुणी शिक्षणाला, कुणी वकिलीला, कुणी नोकरीला.

१९०१ च्या जनगणनेत उपनगरे आणि छावण्या धरून हैदराबादची लोकसंख्या ४,४८,४६६ होती. राज्यात मराठी भाषक सुमारे २६ टक्के, म्हणजे तेलुगूनंतर दुसऱ्या क्रमांकावर. पण कारभार उर्दूत, आणि १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. अशा काळात मराठी मंडळींनी काय केले ते पाहा. १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा निघाली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी तिला आपले बळ दिले. १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. १९३१ मध्ये डॉ. केतकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलनही याच शहरात भरले.

यात एक साधी गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. जांबाग, इसामिया बाजार, गौलीगुडा, हनुमान टेकडी, बेगम बाजार ही सारी ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मुलगा शाळेतून पायी घरी येई, वडील संध्याकाळी पायी ग्रंथालयात जात. माणसे जिथे राहायला आली, तिथेच त्यांनी संस्था उभ्या केल्या.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि त्यांच्यामागोमाग कितीतरी नोकरदार कुटुंबेही गेली. जे मागे राहिले ते एका रात्रीत भाषिक अल्पसंख्याक झाले. त्याच वर्षी घटनेत ३५०-क हे कलम आले. अल्पसंख्याक भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते.

आता अलीकडचे आकडे पाहू. २००१ ते २०११ या दहा वर्षांत हैदराबाद जिल्ह्याची लोकसंख्या ३८.३ लाखांवरून ३९.४ लाख झाली. वाढ जेमतेम तीन टक्के. बेगम बाजार याच जिल्ह्यात येतो. त्याच दहा वर्षांत शहराला वेढणारा तेव्हाचा रंगारेड्डी जिल्हा ३५.७ लाखांवरून जवळजवळ ५३ लाखांवर गेला. वाढ ४८ टक्के! कुकटपल्ली, शेरीलिंगमपल्ली, मियापूर हे सगळे तेव्हा त्या जिल्ह्यात. पूर्वी रामचंद्रपुरमच्या भेल कारखान्याने माणसे तिकडे नेली, १९९८ नंतर हायटेक सिटीने. पुणे, नागपूर, लातूर, सोलापूरची तरुण जोडपी आज तिकडे उतरतात. शाळा, ग्रंथालय मात्र आपल्या जागीच आहेत. आठ वर्षांच्या मुलाला मराठी गोष्टीचे पुस्तक हवे असेल, तर वीस किलोमीटर यावे लागते. कोण येणार?

तिकडे आपली माणसे किती, हे कळण्याचा एक सरळ मार्ग आहे. लांबलेल्या जनगणनेचा संदर्भदिन आता १ मार्च २०२७ ठरला आहे. त्यात मातृभाषेचा रकाना असतो. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे, लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती आपली मातृभाषा. आपण ऑफिसात काय बोलतो, मुले शाळेत काय बोलतात, याच्याशी त्याचा संबंध नाही. आपल्यातले कितीतरी जण गडबडीत 'हिंदी' सांगून मोकळे होतात. घरी येणाऱ्या प्रगणकाला तेलुगू, हिंदी, उर्दू कोणत्याही भाषेत उत्तर द्या, पण त्या रकान्यात 'मराठी' लिहून घ्या. शाळेची किंवा शिक्षकाची मागणी करायची वेळ आली की तोच आकडा विचारला जातो.

दुसरे काम आपल्याच हातातले आहे. विवेकवर्धिनी उभारणाऱ्यांनी सुरुवात जवळच्या माणसांपासून केली होती. मियापूरच्या एखाद्या सोसायटीत एक कपाट, शंभर पुस्तके आणि रविवारी दोन तास देणारा एक माणूस, इतके जमले तरी सुरुवात होईल. यंदा बेगम बाजारातून समई नेणाऱ्यांनी परत जाताना इसामिया बाजारात थांबावे आणि ग्रंथसंग्रहालयाची पायरी चढून यावी. शंभर वर्षांपूर्वी हे कसे जमले, ते तिथली कपाटे पाहिली की समजते.

गणपती बाप्पा मोरया!