डावा जोडा आणि चौथी मिति

डावा जोडा कितीही फिरविला तरी उजवा होत नाहीं. डाव्या-उजव्यांतील या भेदाकडे १७६८ सालीं तत्त्वज्ञ कांट यानें लक्ष वेधलें होतें. त्यावरील उपाय १८२७ सालीं लाइप्त्सिगच्या मोबियस या गणितज्ञानें सांगितला.

डाव्या पावलाची कागदी आकृति टेबलावर हवी तशी सरकवा, ती डावीच राहते. पण उचलून पालथी घाला, कीं उजवी होते. लांबी-रुंदीच्या आकृतीला उंची ही तिसरी मिति लाभली, म्हणून हें साधलें. तद्वत् घन वस्तूला चौथी मिति लाभली असती, तर डावा जोडाही उलटून उजवा झाला असता. पातळींत वस्तु बिंदूभोंवतीं फिरते, अवकाशांत रेषेभोंवतीं, आणि चतुर्मितींत एका अख्ख्या पातळीभोंवतीं! मात्र असें अवकाश कल्पनेंत येत नाहीं, हेंही मोबियसनें लगेच बजावलें.

तो इशारा त्याच लाइप्त्सिगमध्यें विसरला गेला. १८७७ सालीं खगोलशास्त्रज्ञ त्सोल्नर यानें स्लेड नामक माध्यमाकडून, टोकें मोहोरबंद केलेल्या दोरीला गांठी पाडून घेतल्या व चौथी मिति सिद्ध झाली असें मानलें. या स्लेडला लंडनच्या न्यायालयानें आदल्याच वर्षीं दोषी ठरविलें होतें. अपिलांत तो केवळ तांत्रिक मुद्द्यावर सुटला. पुढें त्सोल्नरनें दोन अखंड लांकडी कडीं एकमेकांत गुंतवून मागितलीं. तीं गुंतलीं नाहींत. टेबलाच्या पायाभोंवतीं मात्र आढळलीं!

मोबियसचें गणित आजही अबाधित आहे. त्यानें ‘असतें तर’ म्हटलें होतें. त्सोल्नरनें ‘आहे’ असें ऐकलें.